समाजमाध्यमांद्वारे शेतमालाची विक्री : धोके आणि घ्यावयाची काळजी

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे विविध नगदी पिकांसाठी प्रसिद्ध आहेत. महाबळेश्वर, वाई व जावळी भागातील स्ट्रॉबेरी, कोरेगाव भागातील वाघ्या घेवडा, सातारा-कोरेगाव पट्ट्यातील आले, कराडचा गूळ, तासगाव, मिरज, पलूस व कवठेमहांकाळची द्राक्षे आणि बेदाणा, आटपाडी व जतचे डाळिंब आणि सांगलीची हळद यांना राज्याबाहेरही मागणी आहे. यातील बराचसा माल आजही बाजार समितीतील सौद्यातून किंवा बागेवर येणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत विकला जातो. तथापि गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूब या समाजमाध्यमांवर मालाची छायाचित्रे टाकून थेट ग्राहकाला विक्री करणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या वाढली आहे. विक्रीची ही पद्धत किफायतशीर आहे. मात्र ज्या जागेवर हे दुकान मांडले जाते ती जागा आपल्या मालकीची नसते, ही गोष्ट पुष्कळदा नुकसान झाल्यावरच लक्षात येते. हे नुकसान कसे होते व ते कसे टाळता येईल याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

थेट विक्रीची सुरुवात

समाजमाध्यमांचा शेतमालाच्या बाजाराशी संबंध आपल्या भागाला नवीन नाही. सन २०१२ मध्ये आधीच्या तेजीनंतर हळदीचे भाव कोसळले. त्या वेळी सांगली परिसरातील हळद उत्पादकांनी फेसबुकवरून एकमेकांशी संपर्क साधला, इतर बाजारांतील भावांची माहिती घेतली आणि पडेल भावाने माल न विकण्याचे ठरवून सौद्यात हळद नेण्याचे थांबविले. या घटनेची दखल त्या वेळी देशाबाहेरील वृत्तसंस्थांनीही घेतली होती.

पुढे जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्यामुळे बाजार आवाराबाहेर थेट विक्री करण्याचा मार्ग मोकळा झाला. जानेवारी २०१८ मध्ये व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप उपलब्ध झाले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा द्राक्षाचा व स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात होता. बाजार बंद, वाहतूक विस्कळीत आणि माल वेलीवर तयार, अशा अवस्थेत अनेक बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांतील ग्राहकांना व्हॉट्सॲपवरून मागणी घेऊन माल पोहोचविला. त्या अनुभवातून अनेकांनी ही पद्धत कायम ठेवली.

या पद्धतीचे फायदे उघड आहेत. आडत, तोलाई व मधल्या हातांचा खर्च वाचतो. ग्राहकाची पसंती थेट कळते. प्रतवारी करून चांगले पॅकिंग केलेल्या मालाला चांगला दर मिळतो. जाहिरातीचा खर्च अत्यल्प असतो. म्हणून ही पद्धत सोडून द्यावी असे कोणी म्हणणार नाही. ती कोणत्या पायावर उभी आहे हे मात्र नीट तपासले पाहिजे.

मालकी कोणाची?

शेजाऱ्याच्या विहिरीच्या भरवशावर कोणी द्राक्षबाग लावत नाही. लावलीच तर पाण्याच्या पाळ्या, दर आणि मुदत आधी लिहून घेतो. समाजमाध्यमांच्या बाबतीत असा करार होतो, पण तो एकतर्फी असतो. खाते उघडताना आपण ज्या अटी न वाचता मान्य करतो, त्यांत कंपनीला नियम बदलण्याचा, खाते तात्पुरते वा कायमचे बंद करण्याचा आणि सेवाच थांबविण्याचा अधिकार राखून ठेवलेला असतो. आपण त्या जागेचे भाडे देत नाही, त्यामुळे भाडेकरूचे हक्कही आपल्याकडे नसतात.

बाजार समितीशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. महाराष्ट्रात बाजार समित्यांचा कायदा सन १९६३ चा आहे. समितीच्या कारभाराबद्दल कितीही तक्रारी असल्या, तरी तेथे परवानाधारक आडत्या असतो, वजनाची व हिशोबपट्टीची नोंद असते, निवडून आलेले संचालक असतात आणि जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. आपले फेसबुक पेज बंद झाल्यास समोर बसलेला माणूस नसतो. तक्रार एका अर्जात भरायची आणि उत्तराची वाट पाहायची एवढेच हाती राहते. अशी वाट पाहण्यास काही पिके थांबतात आणि काही थांबत नाहीत. या धोक्याचे मोजमाप तेथेच आहे.

प्रमुख धोके

१) माध्यमच बंद होणे : २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक तरुणांचे टिकटॉकवर हजारो, काहींचे लाखो अनुयायी होते. ते सर्व जमविलेले प्रेक्षक एका निर्णयाने तुटले. बंदीचे कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते आणि त्यात वापरणाऱ्यांचा काहीही दोष नव्हता, तरीही तोटा त्यांचाच झाला. कंपन्या स्वतःहूनही सेवा बंद करतात. एके काळी आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. मराठीसह भारतीय भाषांत चालणारे कू हे देशी माध्यमही जुलै २०२४ मध्ये बंद करण्यात आले. माध्यम देशी असो वा विदेशी, चालकाला परवडेनासे झाले की ते थांबते.

२) सेवा अचानक खंडित होणे : ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा जगभर सुमारे ६ तास बंद होत्या. तिन्ही एकाच कंपनीच्या असल्यामुळे एक बंद पडली तर दुसरी वापरू, हा मार्गही त्या रात्री उरला नाही. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत, व्हॉट्सॲप भर दुपारी सुमारे २ तास बंद होते. याशिवाय कायदा व सुव्यवस्थेच्या कारणास्तव प्रशासनाला इंटरनेट सेवा थांबवावी लागते. सन २०२३ मध्ये जूनमध्ये कोल्हापूर आणि सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशी वेळ आली होती. त्या काळात मोबाईलवरील इंटरनेटने येणारी मागणी थांबते. साधा दूरध्वनी मात्र चालू राहू शकतो.

३) खाते बंद केले जाणे : सन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या माध्यमांना दरमहा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. व्हॉट्सॲपच्या पहिल्या अहवालानुसार १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्यात भारतातील सुमारे २० लाख खाती बंद करण्यात आली. त्यांतील बहुतेक खाती एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर संदेश पाठविल्याच्या कारणावरून बंद झाली होती. फसवे संदेश रोखण्यासाठी हे आवश्यक असले, तरी शेतकऱ्याने समजून घ्यावयाची गोष्ट अशी की, कोठून तरी मिळविलेल्या शेकडो अनोळखी क्रमांकांवर "ताजी द्राक्षे मिळतील" असा संदेश पाठविणे हे वर्तनही त्याच प्रकारात मोडू शकते. ज्यांना तो नको असतो ते तक्रार नोंदवितात आणि खाते बंद होते.

४) संदेश ग्राहकापर्यंत न पोहोचणे : हा धोका सर्वांत सामान्य असून तो दिसत नाही. पेजला ५ हजार लोकांनी पसंती दिली म्हणजे आपली प्रत्येक नोंद ५ हजार लोकांना दिसते, असा समज आहे. प्रत्यक्षात कोणती नोंद कोणाला दाखवायची हे कंपनीची गणनपद्धती ठरविते. ११ जानेवारी २०१८ रोजी फेसबुकने जाहीर केले की, यापुढे व्यवसायांच्या व पेजेसच्या नोंदींपेक्षा मित्र व कुटुंबीयांच्या नोंदींना प्राधान्य दिले जाईल. त्यानंतर पेजवरील नोंदी फुकट पोहोचण्याचे प्रमाण घटले आणि पैसे भरून जाहिरात करण्याची गरज वाढली. म्हणजे ग्राहक आपण जमवायचे आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे पैसे दुसऱ्याला द्यायचे, अशी स्थिती येते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीलाही मर्यादा आहे. एका यादीत २५६ क्रमांक बसतात आणि ज्या ग्राहकाने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो संदेश मिळतो.

५) खाते दुसऱ्याच्या हाती असणे : पुष्कळ ठिकाणी पेज पुतण्याने किंवा ओळखीच्या मुलाने त्याच्या खात्यावरून उघडून दिलेले असते. तो शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, फोन हरवला किंवा घरात वाटणी झाली की पेजही हातचे जाते. त्याचप्रमाणे व्हॉट्सॲप खाते मोबाईल क्रमांकाशी बांधलेले असते. रिचार्ज न केल्यामुळे बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या व्यक्तीला दिला जाऊ शकतो. हंगामापुरते सिमकार्ड वापरून नंतर कपाटात ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

६) फसवणूक व नक्कल : तासगाव, पलूस, मिरज भागातील द्राक्ष बागायतदारांना पैसे न देता माल उचलून पसार होणाऱ्या व्यापाऱ्यांचा कटू अनुभव आहे. समाजमाध्यमांवर तोच प्रकार नव्या रूपात येतो. मोठी मागणी नोंदवून, "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असे सांगून शेतकऱ्याच्याच खात्यातून रक्कम काढली जाते. पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे. दुसरा प्रकार नकलेचा. आपल्या बागेची छायाचित्रे उचलून, तसेच नाव देऊन दुसरे पेज उघडले जाते. ग्राहक आगाऊ पैसे देतो, माल मिळत नाही आणि बदनामी मूळ उत्पादकाची होते.

पीकनिहाय धोका

हे सर्व धोके सर्व पिकांना सारखे नाहीत. माल किती दिवस थांबू शकतो यावर नुकसान अवलंबून असते.

स्ट्रॉबेरी काढल्यानंतर सामान्य तापमानात एक-दोन दिवसांतच खराब होऊ लागते. समजा, एका बागायतदाराकडे हंगामात रोज २०० किलो माल निघतो आणि त्यातील १५० किलोची मागणी एका इन्स्टाग्राम खात्यावरून येते. खाते चार दिवस बंद राहिले तर ६०० किलो मालाला गिऱ्हाईक शोधावे लागेल. तो माल मिळेल त्या दराने प्रक्रियेसाठी द्यावा लागेल किंवा फेकावा लागेल. खाते पाचव्या दिवशी परत मिळाले, तरी गेलेला माल परत येत नाही.

खाण्याच्या द्राक्षांची स्थिती थोडी बरी आहे. घड वेलीवर काही दिवस राखता येतात, शीतगृहाची सोय असल्यास आणखी अवधी मिळतो. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पावसाची भीती असताना काढणी लांबविणे धोक्याचे असते. विक्री अडल्यास बेदाणा करणे हा एक पर्याय आहे, मात्र त्यासाठी शेडची जागा आधी ठरवून ठेवावी लागते.

बेदाणा आणि हळद यांना घाई नसते. बेदाणा शीतगृहात महिनोन्‌महिने राहतो. वाळवून पॉलिश केलेली हळद तर पूर्वी सांगली-हरिपूरच्या पेवांमध्ये वर्षानुवर्षे साठविली जात असे. सन २०१२ मध्ये हळद उत्पादक सौद्यापासून दूर राहू शकले यामागे हेच कारण होते. माल त्यांच्या ताब्यात होता आणि तो थांबू शकत होता. फेसबुकचा उपयोग त्यांनी एकमेकांना निरोप देण्यासाठी केला. फेसबुक बंद पडले असते तरी तोच निरोप फोनवरून किंवा गावोगावी बैठका घेऊन देता आला असता. माध्यमाचा वापर कसा असावा याचा हा चांगला नमुना आहे.

टिकाऊ मालाच्या बाबतीतही सर्व भिस्त एका ठिकाणी ठेवणे घातक ठरते. सन २००५ च्या महापुरात हरिपूर व सांगलवाडी भागातील पेवांत पाणी शिरून हळदीचे मोठे नुकसान झाले. त्याआधी कित्येक वर्षे ही पेवे सुरक्षित होती. एखादी जागा आजवर सुरक्षित राहिली एवढ्यावरून ती पुढेही राहीलच असे धरून चालता येत नाही.

घ्यावयाची काळजी

१) ग्राहकांची नोंदवही ठेवावी : सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे आणि त्याला खर्च नाही. प्रत्येक ग्राहकाचे नाव, मोबाईल क्रमांक, गाव वा सोसायटी, घेतलेला माल, तारीख, रक्कम आणि शेरा अशा रकान्यांची वही करावी. पेजवरून मागणी आली की लगेच नोंद करावी. महिन्यातून एकदा फोनमधील क्रमांकांची प्रत संगणकावर, पेनड्राइव्हवर किंवा ई-मेलवर काढून ठेवावी. पेजवरील ५ हजार पसंतींपेक्षा वहीतील २०० नियमित ग्राहक अधिक मोलाचे आहेत, कारण त्यांच्यापर्यंत आपण कोणाच्याही परवानगीशिवाय पोहोचू शकतो.

२) ग्राहकांची संमती घ्यावी : "पुढील हंगामात माल तयार झाल्यावर कळवू का?" असे विचारून होकार मिळालेल्यांनाच संदेश पाठवावा. आपला क्रमांक त्यांच्या फोनमध्ये जतन करण्याची विनंती करावी. असे ग्राहक तक्रार करत नाहीत आणि खाते सुरक्षित राहते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशात सन २०२३ चा कायदा आहे, हे लक्षात ठेवून ग्राहकांचे क्रमांक दुसऱ्या विक्रेत्याला देऊ नयेत.

३) पॅकिंगवर स्वतःची ओळख छापावी : द्राक्षाची पेटी, स्ट्रॉबेरीचे पनेट, हळदीचे पाकीट यांवर उत्पादकाचे अथवा गटाचे नाव, गाव, तालुका आणि दूरध्वनी क्रमांक ठळक छापावा. केवळ "आम्हाला फेसबुकवर शोधा" असे छापू नये. ग्राहकाच्या स्वयंपाकघरातील पाकिटावरचा क्रमांक कोणतीही कंपनी काढून टाकू शकत नाही.

४) भौगोलिक मानांकन व नाममुद्रेचा उपयोग करावा : महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला सन २०१० मध्ये, सांगली बेदाणा व वाघ्या घेवड्याला सन २०१६ मध्ये आणि सांगली हळदीला सन २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ठरवून दिलेल्या क्षेत्रातील उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्यास त्याला मानांकनाचे चिन्ह मालावर लावता येते. शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनीने स्वतःच्या नावाची नाममुद्रा नोंदवावी. ही नोंदणी १० वर्षांसाठी असते व पुढे नूतनीकरण करता येते. नकली पेजविरुद्ध तक्रार करताना नोंदणीचे प्रमाणपत्र हा भक्कम पुरावा ठरतो. माध्यम बदलले तरी हे नाव आपल्याच मालकीचे राहते.

५) विक्रीच्या वाटा वाटून घ्याव्यात : नाशवंत मालाचा निम्म्यापेक्षा अधिक हिस्सा कोणत्याही एका माध्यमावर अवलंबून ठेवू नये, असा साधारण ठोकताळा ठेवावा. उरलेला माल नियमित व्यापारी, प्रक्रिया उद्योग, शेतकरी आठवडे बाजार, रस्त्याकडेचा स्टॉल व गृहनिर्माण संस्था यांत विभागावा. दर थोडा कमी मिळाला तरी बाजार समितीतील आडत्याशी संबंध तोडू नयेत. अडचणीच्या दिवशी गाडीभर माल उतरवून घेणारा तोच असतो. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांची मालकी एकच असल्याने तिन्ही वापरणे म्हणजे तीन वाटा झाल्या असे समजू नये.

६) खात्याची मालकी व सुरक्षा पक्की करावी : पेज स्वतःच्या किंवा गटाच्या नावे असावे. किमान दोन विश्वासू व्यक्तींकडे त्याचे पूर्ण अधिकार असावेत. गटाचे पेज असल्यास हे अधिकार कोणाकडे आहेत याची नोंद सभेच्या इतिवृत्तात करावी. व्हॉट्सॲपमधील ६ अंकी पिनची दुहेरी सुरक्षा चालू करावी. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. विक्रीसाठी वापरलेला क्रमांक वर्षभर रिचार्ज करून चालू ठेवावा. फेसबुकवर आपली माहिती व छायाचित्रे उतरवून घेण्याची सोय आहे. तिचा हंगामाच्या शेवटी उपयोग करावा.

७) गटाचे स्वतःचे संकेतस्थळ असावे : एकट्या शेतकऱ्याला हे परवडेलच असे नाही, परंतु उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्थेने साधे संकेतस्थळ अवश्य करावे. त्याचे नाव संस्थेच्याच नावावर नोंदवावे. तयार करून देणाऱ्याच्या नावावर ठेवू नये आणि वार्षिक शुल्काची तारीख चुकवू नये. समाजमाध्यमावरील प्रत्येक जाहिरातीत संकेतस्थळाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक द्यावा, म्हणजे ग्राहक हळूहळू आपल्या जागेवर येतो.

८) व्यवहारात सावधगिरी बाळगावी : अनोळखी मोठ्या मागणीसाठी आगाऊ रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याची खात्री बँकेच्या संदेशावरून किंवा पासबुकावरून करावी. ग्राहकाने पाठविलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

खाते बंद झाल्यास काय करावे?

प्रथम घाबरून जाऊन त्याच क्षणी चार नवीन खाती उघडू नयेत. त्यामुळे संशय वाढतो. ॲपमध्ये दिलेल्या सोयीनुसार फेरविचाराची विनंती करावी व पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र काढून ठेवावे. प्रत्येक मोठ्या माध्यमाने भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करावी. त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास केंद्र शासनाने सन २०२३ मध्ये स्थापन केलेल्या तक्रार अपील समितीकडे निर्णयानंतर ३० दिवसांच्या आत अपील करता येते. हे अपील ऑनलाइन करावयाचे असते.

या सर्वांस वेळ लागतो, म्हणून तक्रारीबरोबरच विक्री चालू ठेवणे महत्त्वाचे आहे. त्याच दिवशी नोंदवही काढून घरातील दोघा-तिघांनी ग्राहक वाटून घ्यावेत आणि फोन करावेत. दूरच्या ग्राहकांना साधा लघुसंदेश पाठवावा. नाशवंत माल असल्यास आडत्या व प्रक्रिया उद्योगाला आगाऊ कल्पना द्यावी आणि शक्य तेथे तोडणी एक-दोन दिवस पुढे-मागे करावी. नोंदवही नसेल तर यांतील पहिली पायरीच चढता येत नाही.

हंगामापूर्वीची तपासणी

औषध फवारणीचे वेळापत्रक आपण हंगामापूर्वी ठरवितो. त्याचप्रमाणे विक्रीचीही तपासणी करावी. स्ट्रॉबेरी उत्पादकांनी ऑक्टोबरमध्ये, द्राक्ष बागायतदारांनी डिसेंबरमध्ये आणि हळद उत्पादकांनी काढणीपूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे घरात बसून लिहून काढावीत.

अ) गेल्या हंगामातील किती टक्के माल एकाच माध्यमावरून विकला गेला?
आ) ते माध्यम उद्या बंद झाले तर किती ग्राहकांचे क्रमांक आपल्याकडे लिहिलेले आहेत?
इ) पेजचे व मोबाईल क्रमांकाचे अधिकार नेमके कोणाच्या नावावर आहेत?
ई) विक्री थांबल्यास माल किती दिवस राखता येईल आणि कोठे?
उ) त्या दिवशी माल घेईल असा दुसरा खरेदीदार कोण?

पाचही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर समाजमाध्यमांचा उपयोग निर्धास्तपणे वाढवावा. एखादे उत्तर कच्चे असेल तर हंगाम सुरू होण्यापूर्वी तेवढी बाजू दुरुस्त करून घ्यावी. एक दिवस मुद्दाम समाजमाध्यम न वापरता केवळ नोंदवहीवरून व दूरध्वनीवरून किती माल विकता येतो हे पाहिल्यास आपली खरी ताकद कळते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी, द्राक्ष, बेदाणा व हळदीत जो नावलौकिक मिळविला आहे, तो मालाच्या प्रतीवर आणि शब्द पाळण्यावर मिळविला आहे. समाजमाध्यमे हा लौकिक दूरवर नेण्याचे चांगले साधन आहेत. नवीन ग्राहक तेथून मिळवावा. पण तो एकदा मिळाला की त्याचे नाव आपल्या वहीत, आपला क्रमांक त्याच्या फोनमध्ये आणि आपली ओळख पाकिटावर असेल, याची दक्षता घ्यावी. असे केल्यास माध्यम बदलले, महागले वा बंद झाले तरी हंगामात तयार झालेला माल ग्राहकाअभावी पडून राहणार नाही.